उठून गेलेल्यांची मोजदाद

(रेडिओवरील भाषणाचं संपादित रूप)

माझी भाची इंजिनिअरिंगला आहे आणि तिला जपानी कार्टूनचा भारी नाद आहे. 'कार्टून' म्हटलेलं तिला चालत नाही. 'मामू, अ‍ॅनिमे म्हणा,' असं ती दर वेळी बजावते आणि मीही आता निमूटपणे तसं म्हणायला शिकलो आहे. ईदच्या सुट्टीत ती आमच्याकडे आली, तेव्हा तिनं लॅपटॉपवर मला एक आलेख दाखवला. एका मालिकेच्या २६ भागांना जगभरच्या प्रेक्षकांनी दिलेले गुण त्यात मांडलेले होते. आडव्या रेघेवर भाग, उभ्या रेघेवर दहापैकी गुण. रेषा सुरुवातीला जरा अडखळत होती आणि मग चढत चढत शेवटी पार वर गेली होती. 'बघा, मालिका कशी रंगत गेली,' ती म्हणाली.

मला त्या मालिकेतलं ओ की ठो कळत नव्हतं. पण मी तीस वर्षं मुशायरे आणि कविसंमेलनं केली आहेत. रात्री दहाला मंडप भरलेला असतो, मागं पोरंटोरं गोंधळ करत असतात, आणि त्या वेळी माईकसमोर जाणाऱ्या शायराची पुरती हबेलंडी उडते. पहाटे तीनला पुढच्या चार रांगा तेवढ्या उरतात. त्या चार रांगा मात्र कशालाही 'वाह' म्हणतात, 'मुकर्रर' म्हणतात. दाद सगळ्यात घसघशीत मिळते ती तेव्हा. अनुभवी शायर आयोजकाला गुपचूप सांगून ठेवतात, 'मला जरा उशिरा बोलवा.' मी भाचीला विचारलं, 'पहिल्या भागाला किती लोकांनी गुण दिले होते आणि शेवटच्या भागाला किती लोकांनी?' तिनं आकडे काढून पाहिले. शेवटाला निम्म्यापेक्षा कमी उरले होते.

तिथून मला या विषयाची गोडी लागली. एखादा कार्यक्रम लोकांना आवडला की नाही, हे जपाननं गेली साठ-बासष्ट वर्षं वेगवेगळ्या तऱ्हांनी मोजलं. प्रत्येक मोजपट्टीनं काही मालिका मारल्या आणि काही जगवल्या. तो इतिहास मोठा रंजक आहे.

जपानमध्ये टेलिव्हिजन आला १९५३ साली. किती लोक बघतात हे मोजायला 'व्हिडिओ रिसर्च' नावाची कंपनी १९६२ मध्ये निघाली आणि त्या वर्षाच्या डिसेंबरात टोकियो परिसरातल्या निवडक घरांत तिची यंत्रं बसली. अमेरिकेची निल्सन कंपनी त्याआधीच तिथं पोचलेली होती. योगायोग असा, की व्हिडिओ रिसर्चची मोजणी सुरू झाली आणि महिन्याभरात, १ जानेवारी १९६३ रोजी, ओसामु तेझुका यांची 'तेत्सुवान आतोमु' ही मालिका फुजी टीव्हीवर सुरू झाली. जगाला ती 'अ‍ॅस्ट्रो बॉय' म्हणून ठाऊक आहे. दर आठवड्याला अर्ध्या तासाचा एक भाग, अशी ही जपानची पहिली मोठी अ‍ॅनिमे मालिका. म्हणजे अ‍ॅनिमे आणि तिला मोजणारी फूटपट्टी ही जवळजवळ जुळी भावंडं.

पहिल्याच भागाला २७.४ टक्के मिळाले. २५ जानेवारी १९६४ च्या भागाला ४०.३ टक्के. हा टक्का म्हणजे काय, ते नीट समजून घ्यायला हवं. टीव्ही असलेली शंभर घरं घेतली, तर त्यांतल्या चाळीस घरांत त्या वेळी संच त्या वाहिनीवर लावलेला होता, एवढाच त्याचा अर्थ. संचासमोर कोण बसलं होतं, एक पोरगं की सात माणसं, की आजी बसल्या बसल्या झोपली होती, याची यंत्राला खबर नसते. यंत्र घर मोजतं, माणूस मोजत नाही.

घर मोजायचं म्हटल्यावर घर जिंकणार, हे ओघानं आलंच. 'साझाए-सान' नावाची मालिका ऑक्टोबर १९६९ पासून रविवारी संध्याकाळी साडेसहाला लागते, ती आजतागायत चालू आहे. सर्वांत दीर्घ काळ चाललेली टीव्हीवरची अ‍ॅनिमेशन मालिका म्हणून तिची गिनेस बुकात नोंद आहे. एक गृहिणी, तिचा नवरा, मूल, आईवडील, धाकटी भावंडं, मांजर. कुणाचं वय वाढत नाही. १६ सप्टेंबर १९७९ रोजी तिला ३९.४ टक्के मिळाले होते. पुढं तशीच घरगुती 'चिबी मारुको-चान' आली. तिनं २८ ऑक्टोबर १९९० रोजी ३९.९ टक्क्यांचा पल्ला गाठला. रविवार संपत आला, साझाए-सानचं शेवटचं गाणं लागलं की उद्या कामावर जायचं या विचारानं माणसाच्या पोटात गोळा येतो. त्या उदासीला जपानी माणसांनी 'साझाए-सान विकार' असं नावच देऊन टाकलं आहे. ही पुरवणी तुमच्या हातात रविवारी येते म्हणून आठवलं. आणखी गंमत म्हणजे, २००५ मध्ये दायवा या संस्थेच्या संशोधकांनी असं मांडलं, की साझाए-सानचा टक्का चढला की शेअर बाजार उतरतो. लोकांच्या खिशात पैसा नसला की ते रविवारी संध्याकाळी घरी बसतात, असा त्यामागचा तर्क.

आता दुसरी बाजू बघा.

ऑक्टोबर १९७४. रविवार, संध्याकाळचे साडेसात. एका वाहिनीवर 'हायडी' चालू आहे. आल्प्सच्या डोंगरातली अनाथ मुलगी, तिचा आजोबा, शेळ्या. दिग्दर्शक इसाओ ताकाहाता, आणि त्यांच्यासोबत तेव्हा तरुण असलेले हायाओ मियाझाकी. सगळं घर एकत्र बसून बघेल अशी मालिका. तिसऱ्या वाहिनीवर माकडांच्या सैन्याची विज्ञानकथा. या दोघांच्या मध्ये ६ ऑक्टोबरला 'अंतराळ युद्धनौका यामातो' सुरू झाली. महायुद्धात बुडालेली प्रचंड युद्धनौका समुद्राच्या तळातून उचलून तिचं अंतराळयान करायचं आणि मरू घातलेली पृथ्वी वाचवायला निघायचं, अशी तिची गोष्ट. पृथ्वीचे किती दिवस उरलेत, ते दर भागाच्या शेवटी सांगितलं जायचं. खुद्द मालिकेचेच दिवस किती उरलेत, ते मात्र यंत्रं ठरवत होती. घरात संच एक, रविवारी संध्याकाळी तो आईबाप आणि धाकट्या मुलांच्या ताब्यात. हायडीनं यामातोला धुऊन काढलं. जास्त भागांची ठरलेली ती मालिका २६ भागांत आटोपती घेतली गेली आणि मार्च १९७५ मध्ये बंद पडली.

पण यामातोची पोरं कुठंतरी होतीच. शाळा-कॉलेजातली, धाकट्या बहिणीपुढं हरलेली. मालिकेचं पुनःप्रसारण झालं तेव्हा ती मिळेल त्या वेळी बसून बघू लागली. त्यांची मंडळं निघाली, हस्तलिखितं निघाली. ऑगस्ट १९७७ मध्ये त्याच भागांची काटछाट करून चित्रपट लागला, तेव्हा मुलं आदल्या रात्रीपासून थिएटरबाहेर रांगा लावून बसली होती. व्हिडिओ रिसर्चच्या कागदावर ही मुलं कधी आलीच नव्हती.

'गंडाम'चं तसंच झालं. एप्रिल १९७९ मध्ये सुरू झालेल्या या मालिकेची टोकियो परिसरातली सरासरी ५.३ टक्के. ५२ भागांची ठरलेली मालिका ४३ व्या भागाला, जानेवारी १९८० मध्ये संपवली. इथं आणखी एक मोजपट्टी कामाला लागली होती. मालिकेचा खर्च उचलणारी खेळण्यांची कंपनी टक्का बघत होती त्यापेक्षा दुकानात यंत्रमानवाची खेळणी किती खपतात ते जास्त बघत होती. ती लहान मुलांची खेळणी. आणि गोष्ट होती युद्धात सापडलेल्या, भेदरलेल्या, आपल्याच माणसांवर चिडणाऱ्या पोरांची. सात वर्षांच्या मुलाला तिच्यात काय गोडी वाटणार? जुलै १९८० पासून दुसऱ्या एका कंपनीनं, बांदाईनं, गंडामचे जोडून बनवायचे प्लास्टिकचे नमुने विकायला काढले आणि थोराड पोरं त्यांच्यावर तुटून पडली. २२ फेब्रुवारी १९८१ रोजी टोकियोच्या शिंजुकु स्टेशनबाहेर गंडामच्या चित्रपटानिमित्त तरुण मुलांची एवढी गर्दी लोटली, की जपानी अ‍ॅनिमेचा इतिहास लिहिणारे त्या दिवसाची नोंद टाळू शकत नाहीत. ज्या मालिकेचे नऊ भाग छाटले, तिच्या पुढच्या पिढ्या आजही निघत आहेत.

त्याआधी, १९७१ मध्ये सुरू झालेली 'ल्युपिन द थर्ड' ही चोराची मालिका अशीच टक्क्याअभावी २३ भागांत गुंडाळली होती. पुनःप्रसारणात ती लोकांनी डोक्यावर घेतली आणि १९७७ मध्ये दुसरी मालिका सुरू झाली, ती १५५ भाग चालली.

आता मी टक्क्याला शिव्या देतो आहे असं वाटेल, तर तसं नाही. आकडा खोटं बोलत नव्हता. रविवारी साडेसातला यामातो कमी घरांत लागायची, हे खरंच होतं. मात्र तो आकडा किती कच्चा असतो, तेही बघून ठेवू. टोकियो आणि भोवतालच्या कांतो भागात दीड कोटीहून अधिक कुटुंबं. त्यांच्या वतीनं २०१६ पर्यंत यंत्रं होती ६०० घरांत. भातातलं शीत चाचपून बघतात तसं. पण ६०० शितांवरून १० टक्के असा आकडा आला, तर संख्याशास्त्राप्रमाणं खरा आकडा ७.६ पासून १२.४ पर्यंत कुठंही असू शकतो. म्हणजे एका मालिकेला १० आणि दुसरीला ११ मिळाले, तर वरचढ कोण हे खात्रीनं सांगताच येत नाही. तरी वर्तमानपत्रात क्रमवारी छापून यायची: पहिला, दुसरा, तिसरा. शर्यतीत घोडे एका रेषेत पळत असावेत आणि निकाल नाकाच्या लांबीवर लागावा, तसा प्रकार. क्रमवारीत दोघांमधलं अंतर नाहीसं होतं. पहिला दुसऱ्याच्या कोसभर पुढं आहे की केसभर, ते कळत नाही.

आणि थोड्या घरांवर सगळी मदार असली, की त्या घरांचे पत्ते शोधणारेही निघतात. २००३ मध्ये निप्पॉन टेलिव्हिजनच्या एका निर्मात्यानं खाजगी गुप्तहेर लावून यंत्र बसवलेली घरं शोधून काढली आणि आपला कार्यक्रम लावावा म्हणून त्यांना पैसे दिले, हे उघडकीला आलं. फार मोठा बोभाटा झाला. पुढं घरांची संख्या ९०० झाली. २०२० मध्ये ती २७०० वर गेली आणि भर घरावरून माणसावर आला. रेकॉर्ड करून मागाहून बघणारे १९७४ साली नव्हतेच. २०१६ पासून त्यांचीही मोजणी होऊ लागली.

टक्क्याला पर्याय काय, तर पत्र. जपानच्या 'शोनेन जम्प' या चित्रकथांच्या साप्ताहिकानं हा मार्ग काढला. अंकात एक कार्ड असायचं, वाचकानं आवडलेल्या तीन कथा लिहून पाठवायच्या. खालच्या क्रमांकावर राहिलेली चित्रकथा दहा-बारा आठवड्यांत बंद. असंख्य अ‍ॅनिमे मालिका या साप्ताहिकातल्या कथांवर निघाल्या, म्हणजे त्यांची पहिली चाळणी त्या कार्डांची. पण पत्राचाही एक दोष आहे आणि तो आपल्याला जपानला न जाताही ठाऊक आहे. रेडिओवरच्या फर्माइशी ऐकत वाढलेल्या माणसाला झुमरीतलैया आठवत नसेल तर नवल. कार्डांच्या गठ्ठ्यावरून ठरवायचं, तर हिंदुस्थानातलं सर्वांत मोठं संगीतप्रेमी शहर बिहारमधलं (आता झारखंडमधलं) झुमरीतलैया. मुंबई त्याच्या पासंगालाही पुरत नाही!

इथं माझं स्वतःचं एक दुखणं सांगतो. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस एका दैनिकात मी उर्दू शायरीची मराठीतून ओळख करून देणारं साप्ताहिक सदर लिहायचो. चौदा आठवडे झाले आणि संपादकांनी बोलावून घेतलं. माणूस सज्जन, चहा मागवला. म्हणाले, 'तुमच्या सदराला पत्रं येत नाहीत हो.' माझ्याकडं उत्तर नव्हतं, कारण पत्रं खरंच येत नव्हती. सदर बंद झालं. मी ते मनाला लावून घेतलं. दोन-तीन वर्षं गद्याचं एक वाक्य लिहिलं नाही.

सहा-सात वर्षांनी एका कार्यक्रमासाठी बार्शीला गेलो होतो. शेरवानीचं बटण तुटलं म्हणून एका टेलरच्या दुकानात शिरलो. त्याच्या कापड कापायच्या टेबलावर काच होती आणि काचेखाली, खडूच्या भुकटीनं थोडी अंधुक झालेली, माझ्या सदराची कात्रणं लावलेली होती. चौदाच्या चौदा. मी कोण ते सांगितल्यावर त्या माणसानं आधी मला बसायला स्टूल दिलं आणि मग भांडायलाच उठला, 'बंद का केलंत?' मी म्हणालो, 'तुम्ही पत्र का नाही टाकलंत?' तो बुचकळ्यात पडला. 'पत्र? वर्तमानपत्राला? आपण कोण असं पत्र लिहिणार?'

असो. जपानकडं वळू.

जपानी टीव्हीचं वर्ष चार हंगामांचं असतं. आपल्याकडं खरीप आणि रब्बी, त्यांच्याकडं जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर. ५२ आठवड्यांचे चार भाग केले की एकेक हंगाम १३ आठवड्यांचा. त्याला ते 'कूर' म्हणतात. साठ-सत्तरच्या दशकांत वर्षभराच्या ५२ भागांच्या मालिका असत. पुढं एका कूरची, १२-१३ भागांची मालिका ही रीतच झाली. याचा परिणाम कुणाच्या चटकन लक्षात येत नाही. वर्षभराची मालिका मध्येच छाटता येते, बारा भागांची कशी छाटणार? टक्का हाती येईतो पुढचे भाग तयार होत आलेले असतात. आकड्याची सुरी मग चालू मालिकेवरून उठली आणि पुढच्या हंगामाच्या गळ्यावर आली. दुसरा हंगाम निघणार की नाही, हा तेव्हापासूनचा प्रश्न.

आणि नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात मोठ्यांसाठीच्या मालिका मध्यरात्रीनंतर दाखवू लागले. रात्री दीड-दोन वाजता टक्का तो कितीसा येणार? एक, दोन, फार तर तीन. तेव्हा नवी मोजपट्टी आली: डिस्क किती खपल्या. दोन-दोन भागांची एकेक डिस्क, किंमत भरमसाट, आणि ओरिकॉन नावाची कंपनी दर आठवड्याला खपाचे आकडे छापायची. २०११ सालची 'मादोका माजिका' ही मालिका घ्या. ११ मार्चच्या भूकंपामुळं तिचे शेवटचे दोन भाग अडले, ते एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात एकदम दाखवले गेले. त्याच सुमारास पहिली डिस्क बाजारात आली आणि पहिल्या आठवड्यात पन्नास हजारांवर खपली. टीव्हीच्या टक्क्यात हे पन्नास हजार लोक म्हणजे किस झाड की पत्ती. पण त्यांनी पाकीट उघडलं होतं. व्हिडिओ रिसर्चच्या साप्ताहिक यादीत वर्षानुवर्षं साझाए-सान वर असायची आणि मध्यरात्रीच्या मालिका त्या यादीत दिसायच्याच नाहीत. यादी वाचणाऱ्याला वाटावं, जपान फक्त कौटुंबिक मालिका बघतो. आणि बाकी जग मात्र त्या मध्यरात्रीच्याच मालिका शोधत होतं.

त्या जगानं मग आपली मोजपट्टी काढली: दहापैकी गुण. भाचीचा आलेख तिथला.

हे गुण मांडायच्याही खुब्या आहेत. समजा एका मालिकेला तीनच लोकांनी गुण दिले आणि तिघांनीही दहा दिले. दुसरीला ३०० लोकांनी सरासरी नऊ दिले. वर कोण? सरळ सरासरी म्हणते, पहिली. हे कुणाच्याच मनाला पटणार नाही. म्हणून यादी लावणारे एक युक्ती करतात. प्रत्येक मालिकेच्या खात्यात काही काल्पनिक माणसं आधीच बसवून ठेवतात, मध्यम गुण देणारी. पन्नास माणसं, प्रत्येकी सात गुण, असं धरा. पहिल्या मालिकेचे होतात ७.१७ आणि दुसरीचे ८.७१. खरे प्रेक्षक जसे वाढत जातात तसा त्या पन्नास भाडोत्री माणसांचा आवाज बुडत जातो. मला ही कल्पना फार आवडली. नवख्या कवीच्या पहिल्या कार्यक्रमाला त्याचे तीन मित्र पुढं बसून 'वाह वाह' करतात, त्यावर याहून चांगला उतारा नाही.

आलेखाचं म्हणाल, तर आधी उभी रेघ कुठून सुरू होते ते बघावं. एका भागाला ८.६ आणि दुसऱ्याला ८.२ गुण आहेत. शून्य ते दहा अशी दहा सेंटिमीटरची रेघ काढली, तर दोघांत चार मिलिमीटरचा फरक दिसेल; डोळ्यांना दोघे सारखेच. तीच रेघ आठपासून नऊपर्यंत काढली, तर फरक चार सेंटिमीटरचा. मालिका कड्यावरून कोसळल्यासारखी दिसते. आकडे तेच, मालिका तीच. काही जण रेघ काढतच नाहीत. चौकटी आखून प्रत्येक भागाला गुणांप्रमाणं रंग देतात, हिरव्यापासून लालपर्यंत. तक्ता गोधडीसारखा दिसतो आणि कुठं ठिगळ लागलं आहे ते चटकन कळतं. मला स्वतःला ही गोधडी रेघेपेक्षा प्रामाणिक वाटते. रेघ दोन भागांमधली रिकामी जागा भरून काढते. तिथं तर आठवडाभर काहीच नसतं.

आडव्या रेघेचीही एक गोष्ट आहे. 'हारुही सुझुमिया' ही १४ भागांची मालिका २००६ मध्ये दाखवली ती मुद्दाम क्रम उलटसुलट करून. कथेत आधी घडलेलं नंतर, नंतरचं आधी. २००९ मध्ये १४ नवे भाग मिसळून सगळे २८ भाग कथेच्या क्रमानं दाखवले. आता आलेख काढायचा तर कोणत्या क्रमानं? प्रसारणाच्या क्रमानं रेषा एक आकार घेते, कथेच्या क्रमानं दुसरा. मालिका चढली, पडली, सावरली, असं आपण म्हणतो तेव्हा ते बरंचसं भाग कोणत्या ओळीत उभे केले यावर असतं.

त्याच नव्या भागांत निर्मात्यांनी आणखी एक धाडस केलं. ऑगस्टची शेवटची सुट्टी पुन्हापुन्हा तीच येत राहते, ही एक गोष्ट त्यांनी सलग आठ आठवडे दाखवली. संवाद जवळपास तेच, पण दर वेळी चित्रं नव्यानं काढलेली, आवाज नव्यानं दिलेले, कपडे वेगळे. प्रेक्षक भयंकर चिडले. गुणांच्या आलेखात तिथं खड्डा आहे. मी भाचीसोबत त्यातले तीन भाग पाहिले आणि तिला म्हटलं, 'अगं, ही रदीफ आहे.' गझलेत शेवटचे शब्द शेरागणिक तेच येतात आणि दर वेळी निराळे वाटतात. ती म्हणाली, 'मामू, तुम्ही तीनच पाहिलेत. आठ पाहा मग बोला.' तेही खरंच.

आणि कधी कधी गुण भागाला नसतातच. 'केमोनो फ्रेंड्स' ही प्राण्यांची मालिका २०१७ मध्ये अगदी गुपचूप सुरू झाली आणि बघता बघता लाडकी झाली. मग तिच्या दिग्दर्शकाला काढून टाकलं. २०१९ मध्ये दुसऱ्यांच्या हातून दुसरा हंगाम आला. निकोनिको या जपानी सेवेवर भाग संपल्यावर लगेच मत विचारतात, 'फार आवडला' पासून खाली पाच पर्याय. शेवटच्या भागाला 'फार आवडला' म्हणणारे शंभरात तीनसुद्धा निघाले नाहीत. भाग तेवढा वाईट असेलही. पण नापसंती नोंदवणाऱ्यांच्या बोटांत दीड वर्षाचा राग होता. ते बघायला बसले नव्हते, कौल द्यायला आले होते. उठून जाणाऱ्यांपेक्षा हे निराळे: मंडपात मुद्दाम थांबून राहिलेले.

आपल्याकडं जपानी मालिका आली ती दूरदर्शनवर, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला. मोगलीची. जपानमध्ये १९८९-९० साली ५२ भागांत दाखवलेली ही मालिका इथं रविवारी सकाळी हिंदीतून लागायची. शिवनीचं जंगल म्हणजे आपल्या पेंचच्या अंगचं, नागपूरहून जवळचं; ते कुणा जपानी चित्रकारांनी काढलेलं आहे हे तेव्हा आमच्या गल्लीत कुणालाच ठाऊक नव्हतं. आमच्या शेजाऱ्यांच्या एका संचासमोर दाराबाहेरची धरून वीस-बावीस मुलं असायची. त्यात माझी बहीण असायची, म्हणजे याच भाचीची आई. घराच्या हिशेबात ते एक घर.

परवा भाचीनं आपला आलेख दुरुस्त करून पाठवला. गुणांच्या रेषेखाली तिनं दुसरी रेषा काढली होती, गुण देणाऱ्यांच्या संख्येची. वरची चढत होती, खालची उतरत होती, आणि चौदाव्या भागापाशी खालची एकदम घसरली होती. 'मामू, इथं काय झालं असेल? भाग तर चांगला होता,' तिनं फोनवर विचारलं. मी म्हणालो, परीक्षा आल्या असतील. ती हसली. मग म्हणाली, 'तुमच्या त्या सदराचाही आलेख काढू का? पत्रं किती आली होती?'

'अकरा,' मी म्हणालो. 'त्यातली दोन तुझ्या अब्बांची.'